दोन हिरवे

९ मार्च, रविवार

दादाशी कडाक्याचं भांडण झालं. फोन ठेवला आणि लगेच ही वही काढली. नाहीतर पुन्हा फोन लावून उरलेलं बोलले असते.

झालं असं, की शुक्रवारी सकाळी बाबा त्यांच्या रंगाच्या दुकानात गेले. दुकान विकून पाच-सहा वर्षं झाली, तिथे आता मोबाइल विकतात. बाबा सरळ काउंटरच्या मागे जाऊन उभे राहिले आणि आलेल्या बाईंना विचारलं, "आतल्या भिंतीला हवाय की बाहेरच्या?" नवा मालक भला माणूस. त्याने बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दादाला फोन केला. दादाने हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं, आणि तिथूनच ठिणगी पडली.

दादाने एक केंद्र बघून ठेवलंय. विसरणाऱ्या माणसांसाठी. स्वच्छ आहे म्हणे, बाग आहे, नर्स आहेत. जूनमध्ये एक खोली रिकामी होणार आहे.

"फाटकाला कुलूप असतं का?" मी विचारलं.

"असतं. असायलाच हवं ना, ठमे."

"आणि आई?"

"ती माझ्याकडे राहील."

"तिला विचारलंस?"

"विचारलं तर हो म्हणणार आहे का ती?"

मी म्हटलं, जूनपर्यंत थांब. डॉक्टरांनी डोक्याला काम देत राहा म्हणून सांगितलंय. मी देते काम. बाबा सुधारतायत हे तुला दाखवून देते. तो म्हणाला, डॉक्टर सुधारण्याचं बोलले नव्हते, आहे ते टिकलं तरी मिळवलं असं म्हणाले होते. मी म्हटलं, बघच तू. आकड्यांत दाखवते.

आकडे दाखवूनच तर मी पोट भरते. अमुक महिन्यात अमुक माल किती खपला, याची रंगीत पानं बनवायची आणि साहेबांपुढे ठेवायची. ते मान डोलावतात. दादाही डोलावेल.

१३ मार्च, गुरुवार

जोड्या लावण्याचा खेळ करायचा ठरवलाय. पत्ते पालथे, दोन उघडायचे, सारखे निघाले तर आपले. पत्त्यांवर फळं-प्राणी नकोत, बाबा काही बालवाडीत नाहीत. त्यांच्या दुकानातलं रंगांच्या नमुन्यांचं जुनं शेडकार्ड माझ्याकडे आहे, त्यातलेच रंग घेतले. बाबांना पाचशे रंग नावानिशी पाठ होते. घरी गिऱ्हाईक आलं की त्याच्या शर्टाकडे बघून शेड नंबर सांगायचे.

खेळ बनवायला मात्र मी ऑफिसातलाच फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा, घेतला, कारण मला दुसरं काही येत नाही. तो बनवलाय तक्ते आणि आलेख दाखवायला. त्यात खेळ करणं म्हणजे झाऱ्याने जेवण्यासारखं आहे. एक पत्ता उघडला, तो दिसला. दुसरा उघडला तर पहिला गायब, आणि सगळे पत्ते नव्याने पिसलेले! तीन संध्याकाळी यातच गेल्या.

शेवटी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे. नोकरीत मला चार वर्षं ज्युनियर, पण समजावायला लागले की खडू शोधतात.

"तुझा प्रोग्राम दर क्लिकला वरपासून खालपर्यंत पुन्हा चालतो," ते म्हणाले. "मागचं काही त्याच्या लक्षात नसतं. लक्षात राहावं असं वाटतं ते तू मुद्दाम बाजूला जपून ठेवायचं असतं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे? तू तीन दिवस स्क्रीनला शिव्या देत होतीस."

१६ मार्च, रविवार

घरी जाऊन आले. बसचे चार तास जाताना, चार येताना, आणि मधे टॅबची फजिती.

दुरुस्त केलेला खेळ न्यायचा तर घाईत जुनाच नेला. तोच, दर क्लिकला सगळं विसरणारा. हे कळलं तेव्हा टॅब बाबांच्या हातात होता. बाबांनी एका पत्त्यावर बोट ठेवलं, पिवळा निघाला. "हा! हा दवाखान्याच्या कठड्याचा. दोन हात दिले तरी खालचा गंज दिसत होता." पुन्हा बोट. विटकरी. "हा शाळेच्या गच्चीचा. ठेकेदाराने पैसे बुडवले." पुन्हा. जोडीबिडी काही नाही. एक रंग उघडायचा, त्याची हकीगत सांगायची, तो मिटायचा, दुसरा. तासभर चाललं. मी मधे मधे सांगत होते, बाबा, हा खेळ बिघडलाय, असं नाही खेळायचं. ते म्हणाले, "मग कसं खेळायचं?" आणि पुन्हा बोट ठेवलं. मला आपली लाज वाटत होती, तीन संध्याकाळी घालवून बिघडलेली वस्तू आणली म्हणून.

आई बाबांसाठी हिरवा स्वेटर विणते आहे. बाबांनी तो उचलून खिडकीशी धरला आणि मला म्हणाले, "बघ. एक बाही वेगळी आहे."

"काही नाही, एकच आहे," आई म्हणाली.

"हा पाचूचा आणि हा शेवाळी. जन्म गेला रंगवाल्याच्या घरात आणि हिला दोन हिरवे कळले नाहीत."

आई हसली. खूप दिवसांनी हसताना पाहिली. वाळली आहे ती. विचारलं तर म्हणाली, उन्हाळा आहे.

निघताना दुरुस्त केलेल्या खेळाचं पान इंटरनेटवरून टॅबवर उघडून दिलं आणि तिला सगळं समजावलं. खेळ रोज एकदा. किती चालींत जोड्या लागल्या ते आपोआप माझ्याकडे येईल.

"आणि ते दादाला दाखवणार तू?"

"हो."

"त्यावर ठरणार?"

"त्यावरच ठरणार. काळजी करू नकोस."

२२ मार्च, शनिवार

पहिले आकडे आले. वाईट आहेत. दोन खेळ तर अर्धवटच सोडलेले.

आईने फोनवर सांगितलं की टॅब मधेच झोपतो आणि उठला की डाव नव्याने सुरू होतो. हे खरं आहे. मी जपून ठेवलेलं सगळं टॅब आणि प्रोग्राम यांच्यातल्या त्या वेळच्या जोडणीपुरतंच असतं, जोडणी तुटली की गेलं. मग डाव सगळ्यांच्या सामाईक जागेत ठेवून दिला. आता टॅब झोपो, उठो, डाव जिथल्या तिथे. चुकलेले पत्ते आपोआप मिटावेत म्हणून पान दर सेकंदाला स्वतःच ताजं होतं. मास्तरांनी कोड बघून कपाळाला आठ्या घातल्या. "सामाईक जागेत? दुसऱ्या कुणी पान उघडलं तर त्याला तोच डाव दिसेल." म्हटलं, घरात एक टॅब आणि दोन म्हातारी माणसं, दुसरं कोण उघडायला बसलंय?

५ एप्रिल, शनिवार

सुधारणा! गेल्या आठवड्यापासून आलेखाची रेघ खाली येते आहे. म्हणजे कमी चालींत जोड्या लागतायत. अर्धवट डाव एकही नाही. मी ऑफिसात खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली.

आईला फोन केला. ती हळू आवाजात बोलत होती.

"हे झोपलेत," ती म्हणाली. "जेवण झालं की दोन तास झोपतात."

"मग खेळतात कधी?"

"त्याच्या आधी. नाहीतर नंतर. ठमे, किती आले म्हणजे पास?"

मला हसू आलं. म्हटलं, आई, ही काय परीक्षा आहे? ती म्हणाली, "तरी पण. एक आकडा सांग." मी सांगितलं, वीसच्या आत चाली आल्या तर दादाचं तोंड बंद. तिने दोनदा विचारून घेतलं, वीस ना, वीसच ना. बिचारी. बाबांच्या अभ्यासाची काळजी आता ती करते, पूर्वी आमच्या अभ्यासाची करायची तशी.

१७ एप्रिल, गुरुवार

एक गोष्ट खटकली. बाबांच्या चुका आता थोड्याच आहेत, पण सगळ्या एकाच ठिकाणी. पाचू आणि शेवाळी. दर डावात त्याच दोन पत्त्यांत अडकतात. लाल-विटकरी ओळखतात, तीन पिवळे वेगवेगळे ओळखतात, आणि हे दोन हिरवे ज्यांनी खिडकीशी धरून मला दाखवले होते त्यांनाच कळेनात?

मोतीबिंदू असणार. या वयात रंग आधी फिकट होतात. उगीच नाही मी या धंद्यात, आकडे बघितले की दुखणं दिसतं. आईला लगेच फोन करून सांगितलं, की बाबांचे डोळे तपासून घे.

 ती म्हणाली, "कशावरून?"

सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "हो. नजर कमी झाली आहे खरी." तिचा आवाज बरा नव्हता. हात दुखतोय म्हणाली, मनगट दारात सापडलं होतं. शेक घे म्हटलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

डोळे न तपासताच दोन हिरवे जमायला लागले! बहुतेक उजेडात बसत असतील. काल अठरा चाली.

२ मे, शुक्रवार

जिंकले. आलेख दादाला पाठवला. त्याने दोन दिवस काही उत्तर दिलं नाही, मग फोन केला.

"हे खरं आहे?"

"आकडे खोटं बोलत नाहीत."

"फोनवर तर मला ओळखत नाहीत ते. परवा मला रंगाचे डबे कधी पाठवता म्हणून विचारलं."

"फोनवर आवाज नीट येत नाही त्यांना. खेळात बघ ना."

 तो म्हणाला, ठीक आहे, केंद्राला नाही म्हणून कळवतो, त्यांच्याकडे दुसरं कुणीतरी थांबलंच आहे त्या खोलीसाठी. आणि म्हणाला, "ठमे, तुझं खरं असलं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही." असं बोलायची काही गरज नव्हती. मी काय त्याला खोटं पाडायला निघाले होते?

आईला सांगितलं. मला वाटलं ती आनंदाने रडेल. ती म्हणाली, "म्हणजे आता खेळ बंद केला तरी चालेल?" मी म्हटलं, छे, आता तर रोज हवा.

"बरं," ती म्हणाली.

१४ मे, बुधवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मास्तरांना खेळ दाखवायला म्हणून मी माझ्या स्क्रीनवर पान उघडलं. प्रेमाने बनवलेली वस्तू माणूस दाखवतोच. पान उघडलं आणि मी हातही लावला नसताना एक पत्ता उघडला. मग दुसरा. जोडी लागली.

मास्तर म्हणाले, "तरी सांगितलं होतं. सामाईक जागा. तुझ्या घरी कुणीतरी खेळतंय आणि तो डाव तुला दिसतोय."

मला कोण आनंद झाला! म्हटलं, म्हणजे आत्ता या क्षणी बाबा खेळतायत आणि मी बघते आहे. तिसरी जोडी लागली. मास्तरही वाकून बघायला लागले. मला गंमत सुचली. घरच्या फोनवर फोन लावायचा आणि म्हणायचं, बाबा, डावीकडचा वरचा उघडा. दचकतील.

फोन बराच वेळ वाजला. मग बाबांनीच उचलला.

"दुकान आज बंद आहे," ते म्हणाले.

"बाबा, मी ठमी. काय करताय?"

"खिडकीत उभा आहे. समोरची भिंत रंगवतायत. पहिला हात पातळ मारलाय, बघवत नाही."

माझ्यासमोर पत्ता उघडला. निळा. लगेच दुसरा, निळा. जोडी.

"बाबा, टॅब कुठे आहे?"

"कोण हवंय आपल्याला?"

पुढचे दोन पत्ते हिरवे निघाले. एक पाचू, एक शेवाळी. ते थोडा वेळ तसेच राहिले आणि मिटले. मग त्यातला एक पुन्हा उघडला आणि थांबला, जसं कुणी ताडून बघत असावं. फोनमध्ये बाबांनी हाक मारली, "अगं, फोन आहे! कुणीतरी बाई आहे!"

पत्ते थांबले.

मी फोन ठेवून दिला. मास्तर आपला डबा उचलून त्यांच्या टेबलावर गेले, आणि मी त्या उघड्या हिरव्या पत्त्याकडे बघत बसले.

१५ मे, गुरुवार

रजा टाकली आणि पहिली बस धरली. घरी पोचले तेव्हा बाबा जेवून झोपले होते. बाहेरच्या दाराला आतून कुलूप, किल्ली आईच्या गळ्यात, सुतळीत ओवलेली. मार्चमध्ये हे नव्हतं. तिच्या मनगटाला पट्टी आहे आणि पट्टीच्या वर चार बोटांचे निळे वळ. दारात सापडलेल्या हाताला बोटांचे वळ नसतात.

टॅब स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. त्याच्या कडेला चिकटपट्टीने लोकरीचे दोन तुकडे लावलेले होते, एक पाचूचा, एक शेवाळी. पत्ता उघडला की लोकर जवळ नेऊन ताडून बघायचा. मोतीबिंदू शोधून काढला होता मी.

"आई, कधीपासून?"

तिने गॅस बारीक केला. पाठमोरीच बोलली.

"पहिले दोन-तीन दिवस हेच खेळले. दुसरा पत्ता उघडला की चूक म्हणून लाल व्हायचं. यांना कळायचं नाही काय चुकलं. मला विचारायचे, मी काय केलं? एकदा टॅब भिंतीवर फेकायला निघाले. मग मीच बसायला लागले, हे झोपले की. काल हे मधेच उठले."

"मला सांगायचंस ना."

"काय सांगू? त्यावरच ठरणार म्हणालीस तू." ती वळली. "मी बघून आले आहे ते केंद्र. दादाने नेलं होतं. सगळ्या भिंती पांढऱ्या आहेत गं. एकूण एक. हे तिथे काय बघणार दिवसभर?"

मला रडू आवरलं नाही. ती नाही रडली, तिने माझ्यासाठी चहा टाकला. बाबा बाहेर जायला बघतात, अडवलं की हात धरतात, जोरात धरतात, मग पाच मिनिटांत विसरून तिलाच विचारतात हे कशाने लागलं. हे सगळं तिने भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं.

"तू झोपतेस कधी?" मी विचारलं.

"दुपारी झोपायचे आधी," ती म्हणाली. "हे झोपले की. तेवढाच वेळ मिळतो."

आणि त्याच वेळात मी तिला रोज परीक्षेला बसवलं होतं. दोन महिने. रेघ खाली आली की खुर्चीत गिरक्या घेत होते. माझी मला इतकी चीड कधी आली नव्हती.

१८ मे, रविवार

दादाला परवा फोनवर सगळं सांगितलं होतं. वाटलं होतं, आता मनसोक्त ऐकवेल, आणि ऐकून घ्यायची तयारी केली होती. तो म्हणाला, "मी येतो," आणि आज आला.

बाबांनी त्याला दारातच विचारलं, "डबे आणलेत?" दादा म्हणाला, "उद्या येतायत." बाबांचं समाधान झालं. इतक्या वर्षांत दादा खोटं बोललेला मी पहिल्यांदा ऐकला, आणि किती बरं वाटलं ते ऐकून.

केंद्रातली खोली गेली. दादाने पुन्हा नाव घालून ठेवलंय, कधी मिळेल माहीत नाही. मी भांडले नाही. भांडायचं कशाच्या जोरावर? त्याने मला फक्त एवढंच विचारलं, "तुला खरंच दिसलं नाही?" मी म्हटलं, दिसलं होतं रे, मी त्याला मोतीबिंदू म्हटलं.

मग आम्ही दोघं आपापसात ठरवत बसलो, बाई किती तास ठेवायची, मी किती दिवस इथून काम करायचं, त्याने कोणत्या शनिवारी यायचं. आई शेंगा सोलत ऐकत होती. दादाच अचानक थांबला.

"आई, तुला काय हवंय?"

तिने हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले.

"दुपारची झोप," ती म्हणाली.

२७ मे, मंगळवार

दिवसभरासाठी एक मावशी येतात. सोमवार ते बुधवार मी इथे असते, आतल्या खोलीत ऑफिस मांडून. साहेबांनी हो म्हटलंय, तोंड वाकडं करून का होईना. सोपं नाही काहीच. काल बाबांनी मावशींना चोर ठरवलं आणि मला मावशी. दार उघडत नाही म्हणून कुलपावर डोकं टेकून उभे होते. अशा वेळी मला दादाचं केंद्र आठवतं, आणि आठवलं म्हणून वाईट वाटतं.

खेळाच्या कोडमधून चालींची मोजदाद काढून टाकली. आलेख काढला. लाल रंग, चूक-बरोबर, डाव, सामाईक जागा, सगळं काढलं. मास्तरांना पाठवला तर त्यांचा लगेच फोन.

"अगं, हा तर तुझा पहिला बिघडलेला प्रोग्राम आहे. दर क्लिकला सगळं विसरतो."

"हो."

"यात जिंकायचं कसं?"

"बाबांना विचारून सांगते."

दुपारी जेवण झालं. बाबा आज झोपायला तयार नव्हते, त्यांना बाहेर जायचं होतं. आईकडे बघितलं, तिचे डोळे मिटत होते. म्हटलं, तू जा. ती किल्ली गळ्यातून काढेना. मग काढून माझ्या हातात दिली आणि आत गेली.

मी बाबांना टेबलाशी बसवून टॅब पुढे ठेवला. लोकरीचे तुकडे अजून तसेच आहेत, काढावेसे वाटले नाहीत. त्यांनी बोट ठेवलं. पिवळा.

"हा! हा दवाखान्याच्या कठड्याचा."

"गंज दिसत होता ना खालचा?"

"तुम्हाला कसं माहीत?" ते खूश झाले. "तुम्ही आमच्या धंद्यातल्या का?"

"थोडीफार," मी म्हटलं.

पुन्हा बोट. हिरवा. त्यांनी टॅब उचलून खिडकीशी नेला, उजेडात धरला, मग खाली आणून लोकरीच्या एका तुकड्यावर अचूक बोट टेकवलं.

"पाचू," ते म्हणाले. "आमच्या हिला हे कधी कळलं नाही. दोन बाह्या दोन रंगांच्या करून ठेवते. मी तसाच घालतो." मग आतल्या खोलीकडे मान वळवून, आवाज खाली आणून विचारलं, "झोपली का ती?"

"झोपली."

"झोपू दे. दमते," बाबा म्हणाले, आणि पुढच्या पत्त्यावर बोट ठेवलं.